पहिले पाय पाय

झाडेकाकांना कोणी डॉक्टर म्हटलं की ते हातातलं काम थांबवून आधी दुरुस्ती करायचे. "डाक्टर नाई. ड्रेसर." जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी गाई-म्हशींच्या जखमा धुण्यात, पट्ट्या बांधण्यात आणि बैलांना बांबूच्या नाळेनं औषध पाजण्यात घालवली, पण डॉक्टर वेगळा आणि आपण वेगळे, हा फरक त्यांनी कधी कुणाला पुसू दिला नाही. निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर चौकातल्या बाकावर बसून दिल्ली चालवतात. झाडेकाका कासवाला लागले.

त्याचं कारण त्यांची सून. वास्तूला चांगलं म्हणून तिनं काचेच्या पेटीत एक बिस्किटाएवढं हिरवं कासव आणलं आणि दोन महिन्यांत त्याची पाठ मऊ पडली. काकांनी चार डॉक्टरांना विचारलं. चौघांनाही गाय ठाऊक होती, कासव नव्हतं. मग काकांनी पुस्तकं मागवली, नागपूरच्या कुण्या प्राध्यापकाला फोन करकरून हैराण केलं, कासवाला रोज कोवळ्या उन्हात बसवलं आणि ते जगलं. दुसरा कुणी असता तर आनंदानं गप्प बसला असता. काकांना मात्र वाटलं, गावोगावी अशा पेट्या आल्या आहेत, आणि घरच्या माणसाला वाचून कळेल असा एक कागद मराठीत कुठेच नाही.

तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले. नालवाडीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडेटा, सातबाऱ्याच्या प्रती, हे माझं रोजचं. काकांनी फुलस्केपवर लिहिलेला मजकूर पुढे ठेवला. मथळा होता, 'कासवाची निगा'. मी टाइप केला, प्रिंट काढली. काकांनी ती हातात घेतलीच नाही.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं.

"आता करून दाखव."

त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकचं घमेलं काढलं, एक चपटा दगड काढला आणि एक बटाटा काढला. बटाटा म्हणजे कासव. कागदात लिहिलंय तसं त्याला ठेवून दाखवायचं. काउंटरपलीकडे सहा गिऱ्हाइकं आधारकार्डं हातात धरून उभी, आणि मी घमेल्यात पाणी ओतून बटाट्याचं घर सजवते आहे. माझा स्वभाव काही फार गोड नाही. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती की माझ्या तोंडून वेडंवाकडं निघालं नाही. मी दगड पाण्याखाली बुडवून ठेवला. काका खूश झाले. चूक झाली म्हणून खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी लगेच खिशातून पेन्सिल काढली आणि 'मध्ये दगड ठेवा' च्या जागी लिहिलं, 'कासवाला चढून उन्हात बसता येईल असा, पाण्याच्या वर निघणारा दगड ठेवा.'

"पन चुकलं तर माझंच ना?" मी म्हटलं.

"वाचनाऱ्याचं कधी चुकत नसते, पोरी. कागद चुकते."

हे त्यांचं ब्रीद होतं. त्यानंतर माझ्या दुकानात येणारं कुणीच सुटलं नाही. पेन्शनच्या कामाला आलेल्या आजीबाई, कॉलेजच्या मुली, एकदा तर बंदोबस्तावरून आलेला हवालदार, सगळ्यांनी बटाटा पाण्यात ठेवला. काका स्टुलावर हाताची घडी घालून बसायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. मध्ये कुणी "म्हंजे काय जी?" असं विचारलं तरी गप्प. नंतर मला म्हणायचे, "घरी वाचते तवा मी थोडीच राहीन तिथं सांगाले."

सेंटीमीटर त्यांना चालत नसे. सेंटीमीटर कुणाच्या घरी असतं, म्हणायचे. बोटं सगळ्यांच्या घरी असतात. म्हणून पाणी 'पाठीच्या वर चार बोटं'. मी विचारलं, कुणाची बोटं? काकांनी आपला पंजा माझ्या पंजाशेजारी काउंटरवर ठेवला. त्यांची तीन बोटं म्हणजे माझी चार. ते उठून गेले आणि दोन दिवस दिसलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती घेऊन आले: 'घरातल्या बाईची चार बोटं.' वस्तीतल्या वीस घरांत विचारून आले होते. पेटीतलं पाणी सगळीकडे बायकाच बदलत होत्या.

आणखी एक नियम होता. 'नका' लिहिलं की त्याच्यामागे 'काऊन', म्हणजे 'का', आलंच पाहिजे. नुसत्या 'नका'ला आपली माणसं जुमानत नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कासवाच्या पाठीला रोज खोबरेल तेल चोळायचे, चकाकी येते म्हणून. काकांनी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्ही आपल्या नखांना रोज तेल चोपडलं तर त्यांची तब्येत सुधारते का? पाठ म्हणजे नखाचाच प्रकार आहे, वर तेल बसलं की धूळ धरते. गृहस्थ ओशाळले, आणि ते नख पुढच्या आवृत्तीत गेलं. दूध-पोळीचंही तसंच. आपल्याला गोड लागतं ते कासवाला भरवायची हौस घरोघरी होती.

गिरडकडच्या एका शेतकऱ्यानं विहिरीत सापडलेलं कासव घरच्या सिमेंटच्या टाक्यात ठेवलं आणि निरोप धाडला की एक कागद पाठवा. काका एसटीनं स्वतः गेले, कागद न घेता. जेवले, टाक्याचं कौतुक केलं, कासवाचं त्याहून जास्त केलं. मग त्यांनी सांगितलं की आपल्या मुलखातलं कासव पाळणं हा गुन्हा आहे, ते पाहायचं असतं, ठेवायचं नसतं. शेतकऱ्यानं तोंड पाडलं. काका वन खात्याची माणसं येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले, त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. कागदात नवीन ओळ आली: 'आपल्या नदी-विहिरीतलं, रानातलं कासव घरी ठेवू नका. काऊन? एक तर कायदा, आणि दुसरं म्हणजे त्याचं घर आपल्या घराहून मोठं आहे.' मी म्हटलं, काका, हे दुसरं कारण जरा कवितेसारखं झालं. ते म्हणाले, पहिल्यानं ऐकणार नाही तो दुसऱ्यानं ऐकेल.

असा तो कागद तयार झाला. काकांनी तो ओळखीच्या दवाखान्यांत, मेडिकलांत, दोन-तीन शाळांत ठेवला. खाली त्यांच्या आग्रहानं छापलं होतं, 'चूक सापडल्यास कळवा', आणि माझ्या दुकानाचा पत्ता. माझा पत्ता कशाला, म्हणून मी कुरकुरले. पण लोक घरी यायला लाजतात, दुकानात येतात, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

आणि एका सकाळी नाचणगावच्या कौसल्याबाई आल्या.

पन्नाशी ओलांडलेल्या, भाजीपाल्याची शेती करणाऱ्या. हातात कापडी पिशवी. काका नेमके स्टुलावर बसलेले होते. बाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, काउंटरवर ठेवून तळहातानं सपाट केला आणि सांगू लागल्या. त्यांच्या मुलीनं पुण्यात नोकरी लागल्यावर एक कासव घेतलं होतं, परदेशी जातीचं, पावती-परवान्यासकट. नवीन खोलीवर ठेवू देईनात म्हणून ती ते आईकडे सोडून गेली. त्याचं नाव गोटू. बाईंनी त्याला आठवडाभर अंगणात फिरवलं. मग शेळीचं औषध आणायला दवाखान्यात गेल्या, तिथे हा कागद मिळाला, आणि त्यांना वाटलं आपलं सगळंच चुकतं आहे, बिचारं पाण्यावाचून हाल काढतं आहे.

"मंग लिहिलं तसंच केलं. टाकीत पानी घेतलं. माहीच चार बोटं मोजली. दगड बी ठेवला. सकाळी पायलं तं वरतं तरंगून राह्यलं होतं." त्यांचा आवाज कुठेही चढला नाही. "माह्या हातून काई तरी चुकलं असन. तुमी जरा वाचून सांगा, काय चुकलं."

त्या भांडायला आल्या नव्हत्या. आपली चूक विचारायला तीस किलोमीटर आल्या होत्या.

काकांनी विचारलं, "त्याचे पाय कसे होते?"

"कसे म्हंजे? जाडे. हत्तीचे असते तसे."

मला काही कळेना. मग काकांनी सांगितलं, अगदी हळू, की ते जमिनीवरचं कासव होतं. त्याला पोहता येत नाही. आम्ही लिहिलं होतं ते पाण्यातल्या कासवासाठी. आणि आपल्याकडे दोघांना एकच नाव, कासव. मथळ्यात कासव, पहिल्या ओळीत कासव, अठ्ठावीस वेळा कासव. ते शब्द मीच टाइप केले होते, आणि माझ्याही डोक्यात पितळेच्या ताटलीत, पाण्यात ठेवतात तेच कासव होतं.

"बाई, तुमचं काईच नाई चुकलं," काका म्हणाले. "कागद चुकला."

कौसल्याबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग काकांकडे. "कागद कसा चुकन, भाऊ? छापेल हाये."

आणि त्या निघून गेल्या. कागद घडी करून परत पिशवीत ठेवून.

मी चहा सांगितला, तो तसाच राहिला. शेवटी काका घमेल्यातला बटाटा हातात घेऊन म्हणाले, "आपन याच्यावर पाहून राह्यलो होतो, पोरी. बटाट्याले पाय कुठं असते." मला त्या दिवशी रडू आलं. माझ्या त्या खरमरीत तोंडाचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका कागद गोळा करायला लागले. कुठे किती ठेवले ते त्यांना तोंडपाठ होतं. आर्वी, हिंगणघाट, देवळी, पुलगाव, एसटीनं, कधी कुणाच्या गाडीवर मागे बसून. ज्यांनी घरी नेले त्यांची घरं शोधत गेले. दोन कागद सोडून सगळे परत आले. एक कुणी तरी कपाटात अंथरला होता, तोही त्यांनी वरचे डबे उतरवून काढून आणला. मी सुचवलं, आता हे व्हॉट्सअॅपवर टाकू, एका दिवसात सगळीकडे जाईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ओशाळले. "आन् चुकला तं परत कसा आनू?"

नवे कागद दोन झाले, पाण्यातल्याचा वेगळा आणि जमिनीवरच्याचा वेगळा. दोन्हींवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत एक ओळ काकांनी लिहून दिली: 'पहिले पाय पाय.' मी टाइप करताना वाटलं, म्हातारपणी हात अडखळला, शब्द दोनदा पडला. एक पाय खोडला. छापून आलं, 'पहिले पाय.' काकांनी ते पाहिलं आणि मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "दुसरा पाय कुठं गेला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे बोलताना 'पाहा'चं 'पाय' होतं. इकडे पाय म्हणजे इकडे बघ. पहिले पाय पाय, म्हणजे आधी पाय बघ. मी जन्मभर हेच बोलत आले आणि छापताना मात्र तो शब्द मला चूक वाटला. छापलेलं म्हणजे पुण्याचं असलं पाहिजे, हे माझ्याही डोक्यात बसलेलंच होतं की. मी दुसरा पाय परत लावला. त्याखाली आलं: पाय चपटे आणि बोटांत पडदा असेल तर पाण्यातला कागद घ्या, पाय हत्तीसारखे असतील तर जमिनीवरचा. जमिनीवरच्याला पाण्यात सोडू नका. काऊन? बुडून मरते.

प्रत्येक नवी प्रत काका आधी नाचणगावला नेत. कौसल्याबाईंना वाचायला देत आणि गप्प बसत. बाई बोट ठेवून सावकाश वाचत आणि म्हणत, बरोबर आहे. काका उदास होऊन परत येत. मी म्हणायचे, चूक निघत नाही ही चांगली गोष्ट झाली की. ते मान हलवायचे. "तिले कागदात चूक दिसत नाई, म्हनून आपल्यात दिसते. अजून बी तसंच धरून बसली हाये, का माह्या हातानं मेलं."

मुलीनं फोनवर "जाऊ दे, आई" म्हटलं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही म्हटलं होतं, मुका जीव, आयुष्य तेवढंच. पण बाईंनी अंगणातला तो पत्रा, ज्याच्या सावलीला गोटू बसायचा, अजून काढला नव्हता. काकांना तो दर खेपेला दिसायचा आणि परत आल्यावर ते मला हटकून सांगायचे. त्या जमिनीवरच्या कागदाच्या सात आवृत्त्या निघाल्या. लोकांसाठी तीन पुरेशा होत्या. पुढच्या चार कौसल्याबाईंसाठी होत्या, हे मला समजत होतं, आणि मी त्यावरून एकदाही टोमणा मारला नाही.

काकांना जाऊन आता सव्वा वर्ष झालं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नाचणगावातच.

बदली झालेल्या एका कुटुंबानं आपलं जमिनीवरचं कासव, सगळ्या कागदपत्रांसह, काकांच्या हवाली केलं होतं. काकांच्या हाताला तेव्हा कंप सुटला होता. रविवारी दुकान बंद, म्हणून मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं. त्यांच्या मांडीवर टोपली, टोपलीत कासव, वर ओलं फडकं. रस्ताभर ते माझ्याशी बोलले नाहीत, कासवाशी मात्र बोलत होते.

कौसल्याबाईंनी टोपलीत पाहिलं आणि पदरानं तोंड दाबलं. "मले नोका देऊ, भाऊ. एक मेलं माह्या हातून."

काकांनी आग्रह केला नाही. समजावलं नाही. संध्याकाळपर्यंत असू द्या, नाही जमलं तर मी परत नेतो, एवढंच म्हणाले. टोपली अंगणात ठेवली, शेजारी कागद ठेवला, त्यावर खडा ठेवला आणि ओट्यावर हाताची घडी घालून बसले. मी पण बसले. मला चहाची इच्छा होती, पण मागायची हिंमत होईना.

बऱ्याच वेळानं बाई टोपलीजवळ आल्या. कासवाला दोन्ही हातांनी उचललं. उलटसुलट केलं नाही, डोळ्यांच्या उंचीला धरलं आणि पाय पाहिले. चारही. मग खाली ठेवलं, कागद घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. सावलीची जागा. आहे, पत्रा आहेच. पसरट ताटलीत पाणी, बोटाच्या एका पेराएवढं. त्यांनी ताटली आणली, पाणी ओतलं, पेर बुडवून पाहिलं. खायला हरळी, जास्वंदीची पानं, अधूनमधून दुसरा ताजा, धुतलेला पाला.

इथे त्या थांबल्या. बोट त्या ओळीवरच राहिलं.

"ताजा म्हंजे?"

काका गप्प. नियम म्हणजे नियम.

बाईंनी पुन्हा वाचलं. आपल्या वावराकडे पाहिलं, मेथीच्या वाफ्याकडे. "काल फवारेल मेथी आज ताजीच दिसते. आमी बजारात नेतो तवा वरतून पानी मारून नेतो, आनखीन ताजी दिसते. धुतल्यानं ते औषध सगळं जात नाई, भाऊ. हे खाऊ घातलं तं मरन ते." त्या जरा अडखळल्या. छापलेल्या ओळीवरून त्यांनी बोट उचललं, आणि मग परत ठेवलं, जोरात. "इथं तुमचा कागद चुकला."

काकांचे डोळे भरले होते, माझेही.

"काय म्हटलं, बाई?"

"चुकला म्हनते ना. मी वाचलं ते बरोबरच वाचलं. कागदच चुकला."

काकांनी खिशातली पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. बाईंनी ती घेतली आणि 'ताजा'च्या डोक्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'न फवारेल'. ती आठव्या आवृत्तीची पहिली दुरुस्ती. माझ्या दुकानात आजही तीच आवृत्ती निघते, आणि 'फवारेल'चं मी 'फवारलेला' केलेलं नाही.

मला परत निघायचं होतं. काका म्हणाले, तू हो पुढं, मी पुलगावाहून गाडीनं येतो. मी स्कूटी वळवली. आरशात अंगण दिसत होतं. काका ओट्यावरून खाली उतरून कासवाशेजारी मातीतच बसले होते, चष्मा कपाळावर सारून, आणि कौसल्याबाई कागद त्यांच्या नाकासमोर धरून पुढच्या ओळीवर बोट आपटत होत्या.

"आन् हे, भाऊ? हे बी चुकलं तुमचं."

"हो, बाई," काका म्हणत होते. "आनखीन सांगा."